विकिरण केलेला कांदा की ओळखीचा? निवडताना आणि साठवताना या चुका टाळा

‘कांद्याला किरणं मारलेली असतात’ हे कानावर आलं की बहुतेक घरांत पहिली भीती एकच असते: हा कांदा किरणोत्सर्गी तर झाला नसेल? या भीतीपायी खरे प्रश्न मागे पडतात. माल किती ताजा आहे, कुठल्या पाण्यावर पिकला, कसा सुकवला, हे कोणी विचारत नाही. सगळ्या चुकांची सुरुवात तिथूनच होते.

किरणं लागली म्हणजे किरणोत्सर्गी झालं, असं समजणं

नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली ‘कृषक’ हे विकिरण केंद्र उभारलं. विकिरण म्हणजे कोंब, कीड किंवा जंतू रोखण्यासाठी अन्नातून किरणं सोडणं. अशा केंद्रात माल कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूच्या समोरून जातो. त्याला कोबाल्टचा स्पर्शही होत नाही, फक्त गॅमा किरणं त्यातून आरपार जातात. या किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. अन्नातले अणू किरणोत्सर्गी व्हायला ती पुरत नाही. १० किलोग्रेपर्यंत (ग्रे हे विकिरणाची मात्रा मोजायचं एकक, १ किलोग्रे म्हणजे १००० ग्रे) मात्रा दिलेल्या अन्नापासून विषबाधेचा धोका नाही, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने १९८० मध्येच दिला होता. क जीवनसत्त्व आणि थायमिन (ब१ जीवनसत्त्व) काही प्रमाणात कमी होतात, हे खरं आहे. पण कांद्याला दिली जाणारी मात्रा इतकी कमी असते की ही घट नगण्य राहते. महिनोन्महिने साठवल्याने होणारी घट त्याहून मोठी.

विकिरण झालं म्हणजे माल स्वच्छ झाला, असं धरून चालणं

ही चूक उलट बाजूची आणि जास्त महागात पडणारी. भारतातल्या नियमांनुसार कांदा, बटाटा, लसूण यांचे कोंब रोखण्यासाठी ०.०२ ते ०.२ किलोग्रे मात्रा चालते. धान्य-कडधान्यातली कीड मारण्यासाठी ०.२५ ते १ किलोग्रे. मसाल्यांतले जंतू मारायचे तर ६ ते १४ किलोग्रे लागतात. म्हणजे कांद्याला मिळणारी मात्रा फक्त आतल्या कोंबाच्या पेशींची वाढ थांबवते. सालीवरची बुरशी आणि जिवाणू तसेच राहतात, कांदा सडायचा तो सडतोच आणि वजनही घटतं.

कीटकनाशकांचे अंश, शिसं, शेंगदाण्यातलं किंवा मिरचीतलं अफलाटॉक्सिन हे बुरशीचं विष यांपैकी काहीही अन्नावर केलेल्या विकिरणाने निघून जात नाही. बुरशी मेली तरी तिने आधीच तयार केलेलं विष राहतं. वास येणारे शेंगदाणे, काळे डाग पडलेली मिरची टाकूनच द्यायची.

सगळ्या ‘प्रक्रिया’ एकाच पोत्यात भरणं

आंब्याबाबत हा गोंधळ फार दिसतो. अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या आंब्याला किमान ४०० ग्रे मात्रा द्यावी लागते. २००७ मध्ये तिथली बाजारपेठ आपल्या आंब्याला पुन्हा खुली झाली ती याच अटीवर, कारण कोयीतला भुंगा आणि फळमाशी तिकडे जाऊ नये. ही अट निर्यातीच्या फळाची आहे. घरी आणलेल्या हापूसबद्दल विचारायचा प्रश्न कार्बाईडचा. कार्बाईडने फळ पिकवायला बंदी आहे, इथिलीन वायूला १०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत १०० भाग) परवानगी आहे. दोन्ही टाळायचं असेल तर पूर्ण तयार पण कडक आंबा घ्या आणि भाताच्या पेंढ्यात अढी घाला. रोज चाळवा, एखादं फळ डागाळलं तर ते लगेच बाजूला काढा.

मसाल्यांत हाच गोंधळ उलटा होतो. २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने काही भारतीय मसाले परत घ्यायला लावले, ते इथिलीन ऑक्साईड या रसायनाच्या अंशामुळे. विकिरणाचा त्याच्याशी संबंध नव्हता. उलट मसाल्यातले जंतू मारण्यासाठी या वायूला असलेला पर्याय म्हणजेच विकिरण.

पाकीट न वाचणं

विकिरण केलेल्या पाकीटबंद मालावर हिरवं चिन्ह असतं: वरचा अर्धा भाग तुटक असलेलं वर्तुळ आणि आत पानांसारखी आकृती. सोबत विकिरणाने प्रक्रिया केल्याचा उल्लेख, तारीख आणि हेतू छापलेला असावा लागतो. हातगाडीवरच्या सुट्या कांद्यावर असं काही दिसणार नाही. तिथे एकच उपाय: एप्रिल-मेमध्ये ओळखीच्या शेतकऱ्याकडून उन्हाळ कांदा थेट घ्या.

बाजारातली लसूण नि बटाटा बियाण्याला वापरणं

विकिरण केलेला कंद उगवत नाही. परसबागेत लसूण लावली आणि पंधरा दिवसांत हिरवं टोक दिसलं नाही की लोक मातीला दोष देतात. लावण्याआधी दहा पाकळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा. आठ-दहा दिवसांत निम्म्यांनाही मूळ फुटलं नाही तर तो माल बियाण्याचा नाही. मात्र नुकत्याच काढलेल्या लसणीवर हा प्रयोग करू नका. ती सुप्तावस्थेत असते, विकिरण नसलं तरी उगवणार नाही. बियाणं म्हणूनच विकलेली लसूण घेतलेली बरी.

स्थानिक कांदा घ्यायचा, पण साठवण शहरी ठेवायची

इथे सर्वाधिक नुकसान होतं. विकिरण नको असेल तर कोंब रोखण्याचं काम जातीने, सुकवणीने आणि हवेने करावं लागतं.

पहिली गोष्ट जात. पोळ (खरीप) आणि रांगडा (उशिराचा खरीप) कांदा साठवणीचा नाही, तो महिनाभरात संपवायचा. पावसाळ्यासाठी फक्त उन्हाळ कांदा. नीट सुकवला तर चार-पाच महिने टिकतो.

स्वतः पिकवत असाल तर युरियाचा शेवटचा हप्ता लागवडीनंतर ४५ दिवसांच्या आत द्या. उशिरा दिलेल्या नत्राने माना जाड होतात, जाड मान सुकत नाही आणि सड तिथूनच आत शिरते. काढणीआधी १० ते १५ दिवस पाणी तोडा. निम्म्या माना पडल्या की कांदा काढा आणि पातीसकट ३ ते ५ दिवस शेतात असा पसरा की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल. कांदा उघडा राहिला तर उन्हाने भाजतो, भाजलेली जागा पुढे मऊ पडते. मग पात पिळून, दोन ते अडीच सेंटिमीटर मान ठेवून कापा. अगदी बुडातून कापण्याची घाई करू नका. त्यानंतर १० ते १५ दिवस सावलीत वाळवा. डेंगळे (फुलाचा दांडा आलेले), जोडकांदे, चिरलेले, जाड मानेचे वेगळे काढा आणि आधी तेच खा.

घरात कांदा प्लास्टिकच्या गोणीत किंवा बंद खोक्यात ठेवू नका. बांबूची टोपली किंवा जाळीची पिशवी घ्या, जमिनीपासून वर, हवा खेळेल अशा जागी. अलिबागचा पांढरा कांदा माळा गुंफून टांगतात, त्याच्यामागे हेच शहाणपण आहे. बटाट्याशेजारी कांदा ठेवू नका, दोघांचंही नुकसान होतं.

फ्रिजमध्ये अख्खा कांदा ठेवणं तर उलटंच काम. कोंब सर्वात वेगाने येतात ते १० ते २० अंशांच्या गारव्यात. २५ ते ३० अंशांत कांदा झोपलेला राहतो. फ्रिजमधल्या ओलाव्यात तो मऊ पडतो आणि बाहेर काढल्यावर झटपट फुटतो. म्हणून पावसाळ्यात लढाई सडीशी असते आणि रात्री गार व्हायला लागल्या की कोंबांशी. दर आठवड्याला टोपली उलथून पाहा. वरच्या सालीवरची काजळी सोलून, धुऊन कांदा वापरता येतो. काळेपणा आतल्या पापुद्र्यापर्यंत गेला असेल तर टाका. कोंब आलेला टणक कांदा खायला हरकत नाही. बटाट्याचं तसं नाही. हिरवट पडलेला भाग आणि कोंब खोलवर कापून काढा, जास्त हिरवा असेल तर फेका. त्यातलं सोलॅनिन हे विष शिजवून जात नाही.

धान्य गरम असतानाच डब्यात भरणं

विकिरणाशिवाय धान्य टिकवायचं तर ते दाताखाली ‘कट्’ आवाज येईपर्यंत दोन-तीन कडक उन्हं द्या. पण संध्याकाळी कोमट धान्य लगेच भरलं की आत वाफ धरते आणि सोंडे होतात. रात्रभर घरात थंड होऊ द्या. तूर, मूग, हरभऱ्यातल्या भुंग्याची अंडी शेतातूनच येतात. थोडाच साठा असेल तर चार दिवस फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांवर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. डाळीला किलोमागे चमचाभर एरंडेल चोळण्याची जुनी रीतही चांगली चालते.

घरचं म्हणजे निर्धोक मानणं

गिरणीतून कुटून आणलेली घरची मिरचीपूड जंतुमुक्त नसते. फोडणीत बरेच जंतू मरतात, पण काहींचे बीजाणू तग धरतात. कोशिंबिरीवर किंवा दह्यावर वरून भुरभुरायचं तिखट थोडं भाजून वेगळं ठेवा. मिरची अंगणातल्या मातीवर न वाळवता स्वच्छ कापडावर, शक्यतो उंचावर वाळवा आणि देठ हाताला कुरकुरीत तुटेपर्यंत थांबा.

कुंडीतल्या पालक-मेथीला ताजं शेण घालू नका. ते पूर्ण कुजलेलं हवं; ताजं घातलंच तर त्या मातीतली भाजी किमान चार महिने कच्ची खायची नाही. ‘लोकल’ पालक घेताना तो कुठल्या पाण्यावर वाढला हे विचारा. गटाराच्या पाण्यावर वाढवलेली भाजीही स्थानिकच असते, आणि त्यातले जड धातू धुऊन किंवा शिजवून निघत नाहीत.