तिथी बघून रत्नागिरी: शहर, समुद्र आणि सह्याद्री तीन दिवसांत कसे बघावेत

रत्नागिरीला जाताना बहुतेक जण आधी ठिकाणांची यादी करतात आणि मग त्यात वेळ बसवतात. मी म्हणेन, आधी तिथी बघा. माझी पहिली फेरी त्याविनाच झाली. ऐन भरतीत आरे-वारेच्या किनाऱ्यावर पोचलो, तर चालायला पुळणच उरली नव्हती.

१. तिथीची पाऊणपट करा

दर्यावर्दींचा हा जुना हिशोब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी, सकाळी आणि रात्री नऊला. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून मोबाइलवरच्या भरतीच्या तक्त्याशी पडताळून घ्या.

पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी खूप आत येतं आणि तितकंच मागे हटतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा हा फरक कमी. संध्याकाळी ओल्या वाळूवर लांबवर चालायचं असेल तर चतुर्दशी ते द्वितीया हे दिवस धरा. महिने ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात समुद्र फक्त लांबून बघायचा.

२. शक्यतो दिवसाच्या रेल्वेने या

मुंबईहून येताना उक्षीनंतर कोकण रेल्वेचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा लागतो. तो संपला की रत्नागिरी आलंच. स्टेशन शहराबाहेर आहे, रिक्षा मिळते. राहण्याच्या ठिकाणी पोचताच जेवण सांगून ठेवा. घरगुती खानावळीत आयत्या वेळी गेलात तर मासे संपलेले असतात.

३. पहिला दिवस शहराला द्या

सुरुवात थिबा राजवाड्यापासून करा. 1885 मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. हा वाडा तयार झाला 1910 मध्ये, आणि 1916 मध्ये राजा इथेच वारला. मायदेशी परतणं त्याच्या नशिबी नव्हतं. वाडा बघून झाला की जवळच्या थिबा पॉइंटवर जा आणि खाली भाट्याची खाडी समुद्राला मिळते ती बघत थोडा वेळ बसा. घाई करू नका. सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात, तेवढं ध्यानात ठेवा.

टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान आणि भागोजीशेठ कीर यांनी उभारलेलं 1931 चं पतितपावन मंदिर दुपारपर्यंत होतं. उन्हं कलली की रत्नदुर्गावर जा. भगवतीचं देऊळ आणि तटावरून तिन्ही बाजूंना पसरलेलं पाणी, एवढ्यासाठी ती चढण सार्थकी लागते. ओहोटी असेल तर उतरून मांडवीला जा. तिथली वाळू काळी आहे. ओली असताना टाच दाबलीत तर भोवतीचं पाणी क्षणभर बाजूला सरतं आणि फिकट कडं उमटतं.

४. दुसऱ्या दिवशी किनाऱ्याचा रस्ता धरा

गणपतीपुळ्याला आरे-वारेच्या रस्त्याने जा, सुमारे पंचवीस किलोमीटर. वारेच्या चढावर गाडी बाजूला लावा, दोन्ही किनारे एकदम दिसतात. खाली उतरायची वेळ ओहोटीवर बेतून ठेवा.

पुळ्याला प्रदक्षिणा देवळाला नाही, डोंगराला घालतात. ती चुकवू नका. पण समुद्राबद्दल कळकळीने सांगतो, इथे पोहू नका. तळाची वाळू सरकते आणि परतणारी लाट पाय ओढून नेते. चांगले पोहणारेही इथे बुडाले आहेत. घोट्यापर्यंत पाणी पुरे, आणि पोरांचा हात सोडू नका.

पुढे मालगुंडला केशवसुतांचं घर आहे. वेळ उरला तर जयगड.

५. तिसरा दिवस डोंगराचा

पहाटे देवरुखमार्गे मार्लेश्वरला निघा, दोन तास धरा. सह्याद्रीच्या कुशीतल्या गुहेत महादेव आहे, वर जायला शेकडो पायऱ्या. गुहेत फक्त समयांचा उजेड, म्हणून आत शिरल्यावर डोळे स्थिरावेपर्यंत थांबा. समोर धारेश्वरचा धबधबा कोसळतो. तो भरून हवा असेल तर ऑक्टोबर गाठा, मात्र ओल्या कातळावर चढायच्या फंदात पडू नका. मकरसंक्रांतीला इथे मार्लेश्वराचं लग्न साखरप्याच्या गिरिजादेवीशी लागतं. तेव्हा गर्दी प्रचंड असते.

परतताना उक्षीचं कातळशिल्प संध्याकाळी चारनंतर बघा. भर दुपारी जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी पठारावर, काही उमजत नाही. ऊन तिरपं झालं की खोदलेल्या रेषेत सावली भरते. आधी पाठ दिसते, मग सोंड, आणि एकाएकी अख्खा हत्ती पायाशी पसरलेला असतो. अशा कोकणातल्या शिल्पांची नावं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यात उक्षीही आहे. रेषांवर पाय ठेवू नका. फोटो उठून यावा म्हणून त्यांत खडू भरू नका, पाणीही ओतू नका. उक्षीच्या गावकऱ्यांनी भोवती कठडा बांधून हा हत्ती जपलाय. कठड्याबाहेरून, सूर्य बुडेपर्यंत बघा.