बायपोलर जोडीदाराला साथ देताना: झोप मोजा, मूड नव्हे

बायपोलर म्हणजे कधी खोल उदासी, तर कधी अति उत्साहाचा चढ आणणारा आजार. त्याचं निदान झालंय, डॉक्टर ठरलेत, गोळ्या सुरू आहेत, असं धरून लिहिते.

गोळ्यांचा आठवड्याचा डबा रविवारी भरा. लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) चालू असेल तर तपासणीचं रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं. मे महिन्यात घामाच्या धारा लागतात, तेव्हा पाणी आणि मीठ कमी पडू देऊ नका, नाहीतर रक्तातलं लिथियम वाढतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनीही ते वाढतं, म्हणून अंगदुखीवर फार्मसीतून परस्पर काही आणू नका. उलट्या-जुलाब लागले, हात जास्त थरथरू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

उदासीच्या दिवसांत उपदेश नको. पेज पुढ्यात ठेवा, शेजारी बसा. जगण्यात अर्थ नाही असं बोलणं निघालं तर जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो आलं तर गोळ्यांचा साठा नि बागायतीचं फवारणीचं औषध घराबाहेर, माणसाला एकटं सोडायचं नाही, आणि तडक इस्पितळ गाठायचं, आम्हां गोव्यातल्यांना बांबोळीचं. टेली-मानस या सरकारी मानसिक मदतवाहिनीचा 14416 रात्रीही लागतो.

मी फसले ती चढाच्या वेळी. सहा महिने भिंतीकडे तोंड करून पडलेले आमचे हे गणेश चवथीच्या आठवडाभर आधी उठले. पहाटे तीनला शिडीवर चढून माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची रानफळांची आरास, बांधत होते, सुपारीचे घोस, कवंडळं, सगळं एकट्याने. बोलणं थांबत नव्हतं, डोळे लखलखत होते. मी सासूबाईंना म्हटलं, बाप्पा पावला. विसर्जनापर्यंत दोन मुदत ठेवी मोडल्या होत्या आणि म्हापशात दुकानाची आगाऊ रक्कम देऊन झाली होती.

'आनंदात आहेत ना, राहू दे' हा सल्ला मला सगळ्यांनी दिला. तो ऐकू नका. आनंद मोजता येत नाही, झोप मोजता येते. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज झोपेचे तास लिहा. आमचा नियम असा: सलग दोन रात्री पाच तासांच्या आत झोप आणि तरी सकाळी थकवा नाही, तर तिसऱ्या सकाळी डॉक्टरांना फोन. त्या आठवड्यात जत्रेतलं रात्रभराचं नाटक नाही, दुपारनंतर चहा नाही, दहाला दिवे बंद. पाहुणे रुसले तर रुसू देत.

आता खरं अवघड काम. चढलेल्या माणसाशी वाद जिंकता येत नाही. मी दोन वर्षं प्रयत्न केला, प्रत्येक वेळी शत्रू ठरले. म्हणून बोलणी बरं असताना करायची आणि कागद त्यांच्या अक्षरात लिहून घ्यायचा. कुठली लक्षणं, कोणी सांगायचं, एटीएम कार्ड कोणाकडे द्यायचं, कुठल्या डॉक्टरांना फोन. आमच्या कागदावर चारच ओळी आहेत. वेळ आली की 'गोळी घेतली का?' किंवा 'डोकं फिरलंय का?' यातलं काही तोंडातून काढायचं नाही. मी एवढंच म्हणते, "तुमचंच अक्षर आहे, वाचा." पहिल्यांदा त्यांनी कागद भिरकावला. तासाभराने कार्ड टेबलावर आणून ठेवलं.

गोव्याच्या कायद्यात नवरा-बायकोपैकी एकाला घर-जमीन दुसऱ्याच्या सहीशिवाय विकता येत नाही, म्हणून मी निर्धास्त होते. ठेवींना ते संरक्षण आपोआप मिळत नाही. ठेवी नवरा-बायको दोघांच्या सहीनेच मोडतील अशा करून घ्या. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार रुग्णाला उपचारांच्या बाबतीत आपला प्रतिनिधी साध्या कागदावर सही करून नेमता येतो. तेही त्याच बैठकीत उरका.

त्या चार ओळींच्या कागदाच्या प्रती तीन काढा. आमची एक कॅलेंडरमागे, एक दिराकडे, एक डॉक्टरांच्या फाइलमध्ये असते. दर चवथ झाली की दोघं बसून वाचतो, बदलायचं ते बदलतो आणि हे खाली नव्या तारखेने सही करतात.