कात्री, कुंडी आणि पंधरा दिवस: झाडातली संप्रेरकं डोळ्यांनी पाहण्याची रीत

जीवशास्त्र शिकवताना मी बरीच वर्षं फळ्यावर झाडांच्या संप्रेरकांची, म्हणजे वाढीचे निरोप पोचवणाऱ्या रसायनांची, पाच नावं लिहायचे आणि प्रत्येकासमोर एकेक काम. ऑक्सिन म्हणजे वाढ, जिबरेलिन म्हणजे उंची, सायटोकायनिन म्हणजे पेशीविभाजन, इथिलीन म्हणजे फळ पिकणं, ॲबसिसिक आम्ल म्हणजे सुप्तावस्था. मुलं ते पाठ करायची. मग एकदा एका मुलीने विचारलं, "बाई, ऑक्सिनने वाढ होते ना? मग शेंड्यातलं ऑक्सिन खालच्या डोळ्यांची वाढ का थांबवतं?" तो तक्ता मी त्यानंतर कधीच काढला नाही. प्रश्न अगदी बरोबर होता. ऑक्सिनच्या ज्या प्रमाणाने खोड लांबतं, त्याच प्रमाणाने मुळाची वाढ थांबते. काय होणार ते नुसत्या संप्रेरकाच्या नावावरून सांगता येत नाही. ते कुठे आहे, किती आहे आणि सोबतीला दुसरं कोण आहे, हे पाहावं लागतं. आणि ते पाहायला प्रयोगशाळा लागत नाही.

कोलियस या रंगीत पानांच्या शोभेच्या झाडाच्या तीन कुंड्या घ्या, साधारण सारख्या उंचीच्या. कोलियसच का? त्याची पानं समोरासमोर जोडीने येतात, प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक डोळा असतो, खोड मऊ असतं आणि वाढ झपाट्याने होते. सोबत धारदार पातं, एक भिंग आणि वही. वहीत तारीख आणि मोजमाप रोज लिहायचं. दोन दिवस गेले की आपली आठवण आपल्याला हवं तेच सांगायला लागते, म्हणून हा आग्रह.

शेंडा खुडा

पहिल्या कुंडीचा शेंडा वरच्या पूर्ण उमललेल्या पानजोडीच्या थोडासा वर कापा. दुसरी कुंडी आहे तशीच ठेवा, तुलनेसाठी. तिसरी पुढच्या कामाला लागेल. कापण्याआधी भिंगातून पानाच्या बेचक्यात पाहून घ्या: डोळा म्हणजे टाचणीच्या डोक्याहून लहान, फिकट, घट्ट मिटलेला ठिपका. शेंडा गेल्यावर काही दिवसांत तो फुगतो, मग टोकाशी फाकतो आणि दोन इवलीशी पानं एकमेकांना चिकटलेली दिसू लागतात. दुसऱ्या आठवड्यात दोन्ही बाजूंनी फुटवे स्पष्ट दिसतात. दुसऱ्या कुंडीतले त्याच पेरावरचे डोळे मात्र बहुधा मिटलेलेच असतात.

आत काय घडलं? शेंड्याच्या कोवळ्या पानांत ऑक्सिन तयार होतं आणि खोडातून पेशीपेशींतून खाली उतरतं, ताशी साधारण एक सेंटिमीटर या वेगाने आणि एकाच दिशेने. 1930 च्या दशकात थिमान आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी बाकल्याच्या रोपांचा शेंडा कापून त्या जागी ऑक्सिन ठेवलं, तर डोळे मिटलेलेच राहिले. शेंड्याचा धाक ऑक्सिनमार्फत चालतो हे त्यातून कळलं. गंमत अशी की वरून आलेलं हे ऑक्सिन डोळ्यात शिरतच नाही. खोडात असतानाच ते सायटोकायनिन कमी करतं आणि स्ट्रायगोलॅक्टोन नावाचं दुसरं संप्रेरक वाढवतं. पहिलं डोळ्याला जागं करणारं, दुसरं त्याला दाबून ठेवणारं. 2014 मध्ये मटारावरच्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली: शेंडा गेल्यावर तिकडे जाणारी साखर डोळ्यांकडे वळते, आणि खालच्या डोळ्यांना ही साखर ऑक्सिन घटण्याच्याही आधी पोचते. त्या मुलीला आज उत्तर द्यायचं असतं तर मी एवढं सगळं सांगितलं असतं.

बागेत याचा उपयोग सरळ आहे. झाड भरदार हवं असेल तर एकदा खुडून थांबू नका. वरचे दोन फुटवे पुढे सरकले की तेच नवे शेंडे होतात आणि खालच्यांना दाबू लागतात. त्यांना तीन-चार पानं आली की पुन्हा खुडा.

देठ मोजा

हा प्रयोग फारसा कोणी करत नाही. मला तो सगळ्यांत आवडतो. तिसऱ्या कुंडीत मधल्या पेरावरच्या एका निरोगी पानाचं पातं कापा, देठ तसाच ठेवा. समोरच्या जोडीदार पानाला हात लावू नका. पुढचे काही दिवस रोज बोटाने अगदी हलकेच टेकवून पाहा. आधी देठ ताठ असतो. मग बुडाशी, खोडाला मिळतो तिथे, एक बारीक पिवळट रेघ उमटते. साधारण आठवड्याभरात एका सकाळी बोट टेकताच तो गळतो आणि मागे स्वच्छ, सुकी, वाटोळी खूण राहते. समोरचं पान जागच्या जागी असतं.

पात्यातून देठाकडे ऑक्सिन वाहत असतं तोवर बुडाचा तो पातळ थर शांत राहतो. ऑक्सिनचा ओघ आटला की तोच थर इथिलीनला दाद देऊ लागतो आणि पेशींना जोडणारी भिंत विरघळवणारी विकरं (एन्झाइम) बनवतो. म्हणून पान पिवळं पडू लागलं की ओढून तोडू नका. झाड ती जागा आतून बंद करत असतं, आणि ओढलं की साल सोलून निघते.

शेंडा टाकू नका, रुजवा

पहिल्या कुंडीचा कापलेला शेंडा आहेच. तो आखूड असेल तर दुसऱ्या फांदीची दहाएक सेंटिमीटरची छाट घ्या. पेराच्या लगेच खाली काप द्या, खालची पानं काढा, वरची दोन-तीन ठेवा. ती पानं ठेवण्याचं कारण वर आलंच आहे: शेंडा आणि कोवळी पानं ऑक्सिन खाली पाठवतात, ते कापाशी साचतं आणि तिथे मुळं फुटतात. छाट उलटी लावू नका. वाहण्याची दिशा खोडाने ठरवलेली असते, आपण उलटं धरलं म्हणून ती बदलत नाही.

कोलियसला पावडर लागत नाही, नुसत्या पाण्यातही मुळं येतात. कठीण खोडाच्या झाडांना रूटिंग पावडरचा खरा उपयोग होतो. तिच्यात बहुधा इंडॉल ब्युटिरिक आम्ल असतं. झाडाचं नेहमीचं ऑक्सिन म्हणजे इंडॉल ॲसेटिक आम्ल, पण ते उजेडाने आणि झाडातल्या विकरांनी लवकर मोडतं. ब्युटिरिक आम्ल जास्त टिकतं. मऊ खोडाला 0.1 टक्का पुरतो. 0.8 टक्क्याची पावडर कठीण लाकडासाठी असते.

हा फरक मी एकदा दुर्लक्षिला. हाताशी कठीण खोडाची पावडर होती, जास्त लावली तर मुळं जास्त येतील असं वाटलं आणि मऊ छाटांची टोकं तिच्यात जाडसर बुडवली. पाचव्या दिवशी सगळ्या टोकांचा भाग काळा, बुळबुळीत झाला. पुढे वाचून समजलं की ऑक्सिन फार झालं की झाड स्वतःच भरमसाट इथिलीन सोडू लागतं आणि ऊती खचतात. टू-फोर-डी हे तणनाशक कृत्रिम ऑक्सिनच आहे, आणि प्रमाणाबाहेरच्या ऑक्सिननेच ते तण मारतं. तेव्हापासून मी काप पावडरीला टेकवते आणि जास्तीची पावडर झटकून टाकते.

छाटेवर सायटोकायनिनचा फवारा मात्र मारू नका. 1957 मध्ये स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूच्या ऊतींवर दाखवलं की ऑक्सिनचं पारडं जड असेल तर मुळं येतात, सायटोकायनिनचं जड असेल तर कोंब, आणि दोन्ही मध्यम असली तर नुसता पेशींचा गोळा वाढतो. आपल्याला इथे आधी मुळं हवीत.

थोडं उजेडाचं, थोडं फळांचं

खिडकीतलं रोप उजेडाकडे झुकतं, कारण सावलीच्या बाजूला ऑक्सिन जास्त जमतं आणि ती बाजू लांबते. डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी 1880 मध्ये गवताच्या कोंबांच्या टोकांवर टोप्या घालून उजेड टोकाला कळतो हे दाखवलं होतं. कुंडी दर दोन-तीन दिवसांनी पाव वळसा फिरवा, एवढंच.

बारीक, लांबट, फिकट झालेल्या रोपांना मात्र कुठल्याही संजीवकाची गरज नसते, उजेडाची असते. जिबरेलिन तर मुळीच मारू नका, ते आणखी लांबवेल. 1926 मध्ये कुरोसावा या शास्त्रज्ञांनी भाताच्या अशाच वेड्यावाकड्या लांबणाऱ्या रोपांच्या रोगावर काम केलं, आणि बुरशीने सोडलेल्या द्रव्यामुळे ते होतं हे दाखवलं. ते द्रव्य म्हणजे जिबरेलिन. मेंडेलचे बुटके वाटाणे उलट बाजूचे: 1997 मध्ये उलगडलं की त्यांच्यात जिबरेलिनला कार्यक्षम रूप देणारं विकर नीट काम करत नाही.

हिरवे टोमॅटो पिकवायचे तर कागदी पिशवीत एका पिकल्या केळ्यासोबत ठेवा, केळ्यातून निघणारं इथिलीन ते काम करतं. द्राक्षं आणि लिंबं अशी पिकत नाहीत, ती झाडावर तयार झालेलीच काढावी लागतात. आणि फुलदाणीजवळ पिकलेली फळं ठेवू नका, कार्नेशनसारखी फुलं इथिलीनने लवकर मिटतात.

पंधराव्या दिवशी पहिली आणि दुसरी कुंडी शेजारी ठेवून एकाच पेराचे फुटवे मोजा, आकडे वहीत उतरवा. मग दुसऱ्या कुंडीचाही शेंडा खुडा. या वेळी डोळा कोणत्या दिवशी फाकेल याचा अंदाज आधी वहीत लिहून ठेवा आणि मगच भिंग उचला.