स्टीअरिंगचा क्रॉस बदलताना सुई पडू देऊ नका

उसाचा हंगाम तोंडावर आला की बेळगाव-खानापूर भागातल्या जुन्या गाड्या ‘स्टीअरिंगला प्ले आलाय’ (स्टीअरिंग थोडं मोकळंच फिरतंय) म्हणत दारात उभ्या राहतात. त्यातल्या निम्म्यांना कुणीतरी स्टीअरिंग बॉक्सवरचा (शाफ्टचं फिरणं चाकांकडे पोचवणारी दातांची पेटी) स्क्रू आवळायचा सल्ला दिलेला असतो. झीज क्रॉसमध्ये, म्हणजे स्टीअरिंग शाफ्टच्या सांध्यातल्या चार दांड्यांच्या फुलीत, आणि आवळायचा बॉक्स! त्यानं प्ले जात नाही, स्टीअरिंग जड होतं आणि बॉक्सचे दात खराब होतात ते वेगळंच.

आधी खात्री करा. गाडी जमिनीवर उभी असताना हेल्परला स्टीअरिंग थोडंथोडं इकडेतिकडे हलवायला सांगा आणि आपलं बोट क्रॉसवर ठेवा. वरचा योक (क्रॉसला धरणारा दोन कानांचा चिमटा) हलला आणि खालचा क्षणभर मागे राहून टक करून हलला, तर क्रॉस गेलाय. दोन्ही एकदम हलत असतील तर पुढे बॉक्स आणि तिथून चाकांकडे जाणारे दांडे-सांधे, म्हणजे ड्रॉप आर्म, टाय रॉड एंड बघा.

चाकं सरळ करून स्टीअरिंग दोरीनं बांधून टाका. योक आणि शाफ्टवर मिळून पंचची खूण करा. योकचा बोल्ट नुसता सैल करून चालत नाही, पूर्ण काढावा लागतो, कारण तो शाफ्टच्या खाचेत अडकलेला असतो. योक निघत नसेल तर फटीत छिन्नी घालून जरा उघडा. वरून घण घालू नका, मार थेट बॉक्सच्या बेअरिंगला बसतो.

लॉक (कप जागेवर धरणारी कडी) काढून जुने कप (क्रॉसच्या दांड्यांवरच्या बेअरिंगच्या टोप्या) व्हाईसमध्ये दाबून बाहेर काढा. लॉक नसलेला, ठोकून बंद केलेला जॉइंट असेल तर उकरत बसू नका, अख्खा जॉइंट नवा घ्या. योकची भोकं मोठी झाली असतील तरीही तेच. वेल्डिंगचा टाका मारून देणारे भेटतील, त्यांच्याकडे गाडी सोडू नका.

आता खरं काम. नव्या कपाच्या आत कडेनं बेअरिंगच्या बारीक सुया उभ्या असतात, ग्रीसच्या जोरावर. कप तिरका गेला किंवा क्रॉसची दांडी कडेला आपटली की एक सुई आडवी होऊन तळाशी पडते. बाहेरून काही दिसत नाही. कप जवळजवळ पूर्ण आत जातो, फक्त शेवटचे दोन-तीन मिलिमीटर अडतो आणि लॉक खाचेत बसत नाही. इथंच माणूस हातोडी उचलतो. मीही उचलली होती. लॉक कसाबसा बसवला आणि गाडी चोर्ला घाटाकडे पाठवली. जांबोटीच्या पुढूनच ड्रायव्हरचा फोन आला, “मेस्त्री, वळवल्यावर चाक परत येईना की ओ!” खोलल्यावर कपाच्या तळाशी वाकलेली सुई निघाली आणि क्रॉसच्या दांडीवर तिचा चरा. नशीब, घाट अजून लागला नव्हता.

म्हणून हातोडी लांब ठेवा. कप घालण्याआधी सुया बोटानं कडेला चिकटवा. एक सुई मावेल एवढी फट दिसली तर सुई पडलीय, शोधा. पहिला कप थोडा आत गेला की क्रॉस त्यातच सरकवा, मग समोरचा कप लावा. दोन्ही कप व्हाईसमध्ये हळूहळू दाबा आणि दाबताना क्रॉस हातानं हलवत राहा. हलणं थांबलं की तुम्हीही थांबा. सगळं काढा, सुई उभी करा, पुन्हा घाला. चिडचिड होते, होऊ दे. लॉक बसल्यावर योकच्या कानावर लाकडाच्या ठोकळ्यानं एक-दोनदा ठोका. कप लॉकला टेकतात आणि जॉइंट मोकळा होतो. हातात धरून चारी दिशांना सारखा फिरला पाहिजे.

शाफ्ट परत घालताना पंचची खूण जुळवा. मधल्या शाफ्टला दोन तुकडे असतील तर दोन्ही टोकांचे योक एका रेषेत यायला हवेत. स्प्लाइन (तुकडे एकमेकांत बसवणारे दात) चुकली की एका फेरीत स्टीअरिंग दोनदा जड, दोनदा हलकं लागतं आणि लोक बॉक्सला शिव्या घालतात.

बोल्ट खाचेतून आरपार गेलाय ना ते डोळ्यानं बघा. नट नवा लॉकवाला घाला. दोरी सोडून या टोकापासून त्या टोकापर्यंत स्टीअरिंग फिरवा, मग मोकळ्या सरळ रस्त्यावर रिकामी गाडी हळू चालवा. वळवून हात सैल सोडल्यावर चाक आपोआप परत आलं, तरच उसाचा भार भरा.