मधुमेही मांजराची साखर घरी तपासायची तयारी, आणि पट्ट्यांच्या डबीचे झाकण

आमच्या बोक्याला गेल्या जूनमध्ये मधुमेह निघाला आणि जुलै सरायच्या आत मी त्याच्या साखरेच्या मोजणीचा असा घोळ घातला की, इन्शुलिनची मात्रा विनाकारण वाढता वाढता राहिली. इंजेक्शन मला जमत होते, कान टोचणेही जमू लागले होते. पण तपासणीच्या पट्ट्यांची डबी स्वयंपाकघराच्या ओट्यावर, सकाळच्या पेजेच्या वाफाळत्या टोपाशेजारी, झाकण नुसते टेकवलेल्या स्थितीत तासन्‌तास पडून राहत होती. म्हणून ही तयारी सांगताना सुरुवात झाकणापासून करतो, आणि मध्येमध्ये पुन्हा तिथेच येणार आहे.

पट्टीच्या टोकावर एक विकर (एन्झाइम) असते. रक्तातल्या साखरेशी त्याची प्रक्रिया होते आणि तिच्यावरून यंत्र आकडा दाखवते. हे विकर दमट हवेत बिघडते, आणि पट्टी वरून पाहता अगदी नवीकोरी दिसत राहते. गोव्यात जुलै-ऑगस्टच्या सकाळी हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते. चपलांना बुरशी येते, मीठ पाणावते, तिथे पट्टीची काय कथा. त्यामुळे क्रम ठरवून टाकावा: हात धुऊन पूर्ण कोरडे करावे, एक पट्टी काढावी, झाकण ‘टक्‌’ आवाज येईपर्यंत दाबावे आणि मगच मांजराकडे वळावे. मांजर पळेल म्हणून झाकण नंतर लावू, असे म्हणू नये. मांजर पळाले तर पुन्हा धरता येते. डबी झोपण्याच्या खोलीतल्या कपाटात ठेवावी. स्वयंपाकघरात नको, न्हाणीघराजवळ नको आणि फ्रिजमध्ये तर मुळीच नको, कारण थंड डबी बाहेर उघडली की आत दव धरते. सोयीसाठी पट्ट्या दुसऱ्या डबीत भरू नयेत, कारण ओल शोषून घेण्याची व्यवस्था मूळ डबीतच केलेली असते. डबी उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहावी आणि कंपनीने छापलेली मुदत संपली की उरलेल्या पट्ट्या टाकून द्याव्यात. पट्ट्या महाग आहेत, जिवावर येते, हे मान्य, तरी टाकाव्यात.

माझ्याकडे एका सकाळी ४१२ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) आकडा आला. पाच मिनिटांनी त्याच कानातून घेतलेल्या थेंबाला २३६. यंत्र बिघडले असावे असे समजून मी पुढचे तीन दिवस दोनदा मोजत राहिलो आणि ‘धोका नको’ म्हणून प्रत्येक वेळी मोठा आकडा वहीत लिहीत गेलो. वही पाहून डॉक्टर मात्रा अर्ध्या युनिटने वाढवायच्या विचारात होते. लिहिता लिहिता थांबून त्यांनी विचारले, “पट्ट्या कुठे ठेवता?” ओट्यावर, असे मी म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवले. नवी सीलबंद डबी फोडून मोजले तेव्हा २५१ आणि लगेच २४३ आले. जुन्या पट्ट्यांच्या आकड्यांवर विसंबून मात्रा वाढवली असती, तर बोक्याची साखर कुठवर उतरली असती याचा विचारही आज नकोसा वाटतो.

यंत्राबरोबर तपासणीचे द्रावण मिळते, ते घ्यावेच. रक्ताऐवजी त्याचा थेंब पट्टीला लावला की आकडा डबीवर छापलेल्या मर्यादेत यायला हवा. नवी डबी फोडताना, आकडा संशयास्पद वाटला तेव्हा आणि झाकण रात्रभर उघडे राहिल्याचे सकाळी लक्षात आले तेव्हा ही तपासणी करावी. ही बाटलीही उघडल्यावर साधारण तीन महिनेच चालते. तिच्यावरही तारीख घालावी.

यंत्र शक्यतो प्राण्यांसाठी बनवलेले असावे. माणसाच्या रक्तातली सुमारे ४२ टक्के साखर तांबड्या पेशींत असते, मांजराच्या बाबतीत हे प्रमाण ७ टक्क्यांच्या जवळपास आहे. त्यामुळे माणसांच्या यंत्रावर मांजराचा आकडा बहुधा खऱ्यापेक्षा कमी येतो. घरात आजोबांचे यंत्र आहे म्हणून तेच वापरणार असाल, तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे आणि आज हे, उद्या ते, असे करू नये.

टोचणी, कापूस, व्हॅसलीन, कोमट ओला रुमाल, खाऊ: हे हाताशी असावे. रुमाल कानावर अर्धा-एक मिनिट धरला की रक्त कडेला येते. बाहेरच्या कडेने एक निळसर शीर जाते. ती आणि कडा यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत टोचायचे, शिरेत नव्हे. कानामागे कापसाची घडी ठेवावी, नाहीतर टोचणी आरपार जाऊन आपल्याच बोटात शिरते. व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवलेला असला म्हणजे रक्त केसांत न पसरता मोहरीएवढा गोल थेंब होऊन उभा राहतो, आणि पट्टीचे टोक त्याला नुसते टेकवले की ती तो ओढून घेते. आमचा बोका आता बाल्कांवच्या (घरापुढच्या ओसरीच्या) सोप्यावर खाऊच्या आशेने स्वतःच कान पुढे करतो. पहिले दहा दिवस मात्र माझे हात ओरबाडलेले होते. थेंब तयार झाला आणि पट्टी अजून डबीतच आहे, असे होऊ देऊ नये, कारण मग घाईत डबी उघडी राहते. पट्टी आधी, झाकण आधी, मांजर नंतर.

प्रत्येक इन्शुलिनच्या आधी मोजावे. निरोगी मांजराची साखर साधारण ७० ते १२० असते. दवाखान्यात नुसत्या भीतीनेही ती ३०० च्या वर जाऊ शकते, आणि घरी मोजण्याचा सगळा खटाटोप त्यासाठीच आहे. कोणत्या आकड्याखाली इंजेक्शन द्यायचे नाही, हे डॉक्टरांकडून पहिल्याच दिवशी लिहून घ्यावे. ६० च्या खाली आकडा आला, किंवा मांजर लडखडले, थरथरले, तर हिरड्यांना मध किंवा ग्लुकोज पावडरचे पाणी चोळावे, शुद्धीवर असेल तर खायला द्यावे आणि लगेच फोन करावा. मात्रा स्वतःच्या मनाने बदलू नये.

सिरिंज घेताना फार्मसीत घाई करू नये. आपल्याकडे इन्शुलिन दर मिलिलिटरला ४० युनिटचेही मिळते आणि १०० युनिटचेही. ४० ची सिरिंज लाल टोपीची, १०० ची नारिंगी टोपीची. १०० युनिटचे इन्शुलिन ४० च्या सिरिंजने दिले गेले, तर अडीचपट मात्रा जाते. बाटली आणि सिरिंज काउंटरवर शेजारी ठेवून आकडे वाचावेत.

वहीत वेळ, आकडा, मात्रा, किती खाल्ले, आणि कोणी दिले. शेवटचा रकाना गाळू नये. आई आणि मी दोघांनीही दिले, असे होऊ शकते.

महिन्या-दोन महिन्यांत डॉक्टर एक दिवस बारा तास, दर दोन तासांनी मोजायला सांगतील. त्या दिवशी सहा-सात पट्ट्या लागतात आणि डबी तितक्या वेळा उघडते. झाकण!

हुमण-भात (माशाची आमटी आणि भात) एकदम बंद करून ओले कमी पिठूळ खाणे सुरू केले, तर इन्शुलिनची गरज झपाट्याने उतरू शकते. तो बदल डॉक्टरांना सांगून आणि रोज मोजत करावा. साखर सतत मोजणारा, कातडीवर चिकटवायचा सेन्सर मिळतो, चौदा दिवसांसाठीचा असतो; मांजरे अनेकदा तो त्याआधीच काढून टाकतात. लघवीतले कीटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागले की तयार होणारे पदार्थ) तपासायच्या पट्ट्याही ठेवाव्यात. खाणे बंद, उलटी आणि कीटोन दिसले, तर थेट दवाखाना. त्यांच्या डबीलाही झाकण असते. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) दिवसांत फार्मसी बंद असते आणि कुरियर येत नाही, म्हणून आठवडाभर आधी पट्ट्यांची एक जास्तीची डबी आणावी आणि पहिली संपेपर्यंत तिचे सील फोडू नये.