फोन काढून घेणार नाही, हे आधी सांगा

मी तासगाव तालुक्यातल्या एका शाळेत आठवीला शिकवते. आमच्या एका मुलीला इन्स्टाग्रामवर ‘मैत्रीण’ भेटली. महिनाभर गोड बोलून तिनं एक फोटो मागून घेतला आणि मग धमक्या सुरू झाल्या. पोरगी तीन आठवडे गप्प राहिली. का विचारलं, तर म्हणाली, “बाई, फोन काढून घेतील, शाळा पण बंद करतील.” धमकावणाऱ्यापेक्षा तिला घरच्यांची भीती जास्त वाटत होती. मला ते अजून सलतं.

म्हणून पालकसभेत सेटिंग्जचं मी नंतर बोलते. आधी मुलांना शब्द द्या: काहीही झालं तरी आमच्याकडे ये, ओरडणार नाही, फोनही घेणार नाही. जेवताना सहज सांगा, अधूनमधून पुन्हा सांगा. वेळ आली की तो पाळा. एकदा हात उगारला, की पुढचं काही मूल तुमच्या कानावर घालणार नाही.

आपल्याच सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी ७ ला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. मोठ्यांचेसुद्धा. मुलं बोलती होतात ती अशा वेळी. तुमच्या गावात भोंगा नसला तरी घरात करता येईल.

तसं काही घडलंच, तर घाबरून चॅट डिलीट करू नका. मेसेज, प्रोफाइल आणि युजरनेमचे स्क्रीनशॉट काढा, तारीख-वेळ लिहून ठेवा, मग ब्लॉक करा. मुलाचा उघडा फोटो मात्र पुरावा म्हणूनही कुणाला पाठवायचा नाही. ना मामाला, ना वर्गशिक्षकांना. पैसे मागितले तर देऊ नका, एकदा दिले की मागणी वाढतच जाते. गेलेच असतील तर त्याच घटकेला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. फोटो पसरायची भीती असेल तर ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. तिथे फोटो द्यावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि त्यावरून सहभागी कंपन्या तो शोधून काढून टाकतात.

सेटिंग्जमध्ये एकच चूक घरोघरी दिसते. इन्स्टाग्रामला १३ वर्षांची अट आहे, म्हणून आपणच खोटं जन्मसाल टाकून खातं काढून देतो. मग १८ वर्षांखालच्यांना आपोआप मिळणारं संरक्षण, म्हणजे खाजगी खातं आणि अनोळखी लोकांच्या मेसेजना आडकाठी, त्या मुलाला मिळतच नाही. आजच जन्मतारीख तपासा.

शाळांना माझी कळकळीची विनंती आहे. ‘गावात बोभाटा नको’ म्हणून मुख्याध्यापकांच्या खोलीत प्रकरण मिटवू नका. पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना द्यावीच लागते. न दिल्यास शिक्षा आहे. आणि वाढदिवसाला मुलाचं नाव, वर्ग, गणवेशातला फोटो फेसबुकवर टाकायचं थांबवा. अनोळखी माणसाला ओळख काढायला तेवढं पुरतं.

आठवीच्या प्रत्येक वहीच्या मागच्या पानावर मी १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर लिहून घेते. चोवीस तास, फुकट. घरी सांगायची हिंमत होत नसेल, तर मूल तिथे बोलू शकतं.