पुलाला पैसे खरंच मिळालेत का, हे कसं शोधायचं

माझी सगळी नोकरी बांधकाम खात्याच्या लेखा शाखेत गेली. त्यामुळे निवृत्त होऊन धायरीला राहायला आले तरी कुठे पुलाचा कठडा पडला की फोन मलाच येतो. परवा भाचीचा आला, "मावशी, आमच्या ओढ्यावरच्या पुलाला पाच कोटी मंजूर! चौकात फ्लेक्स लागलाय." म्हटलं, मंजूर म्हणजे नेमकं काय झालंय ते आधी बघ.

पहिलं काम म्हणजे पूल कोणाच्या ताब्यात आहे ते काढायचं. शहरातले बहुतेक पूल महापालिकेचे. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्याचा. हे न बघता अर्ज केला की तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो.

मग पूल खालून बघा. वरून डांबर गुळगुळीत असतं, त्यावर जाऊ नका. दिवाळीनंतर पाणी उतरलं की काठावरूनच बघायचं. स्लॅबच्या पोटाला गंजाचे तांबडे ओघळ आहेत का, काँक्रीटचा पापुद्रा सुटून गज उघडे पडलेत का, खांबाच्या पायाभोवतीची माती वाहून गेली आहे का, सांध्यात पिंपळ उगवलाय का. उघड्या गजाचा फोटो काढताना शेजारी पट्टी धरा. पट्टी नसली की अभियंता म्हणतो, "किरकोळ आहे."

आता पैसे. सरकारी हिशोबात रस्ते-पुलांची दोन लेखाशीर्षं, म्हणजे खर्चाच्या खात्यांचे क्रमांक, लक्षात ठेवा. 3054 मध्ये देखभाल-दुरुस्ती येते, 5054 मध्ये नवं बांधकाम. भूमिपूजनं होतात ती 5054 ची. पिंपळ उपटायला 3054 लागतं आणि ओरड नेहमी त्याच्याच तुटीची असते. नारळ फोडायला कोण जाणार तिथे?

अर्थसंकल्पात कामाचं नाव सापडलं म्हणून पेढे वाटू नका. त्याच ओळीत या वर्षाची तरतूद किती, ते वाचा. कित्येकदा कोटींच्या कामापुढे नाममात्र रक्कम असते. तिला आम्ही टोकन म्हणायचो. काम यादीत येतं, पण कंत्राटदाराचं बिल त्यातून निघत नाही. शिवाय तरतूद झाली म्हणजे निधी आला असंही नाही. राज्याच्या बीम्स या संगणक प्रणालीवर कुठल्या लेखाशीर्षाला किती तरतूद, त्यातली किती वितरित आणि खर्च किती, हे कळतं. मात्र एकेका पुलाचा हिशोब विभागीय कार्यालयातच मिळेल.

तिथे माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, विषय एकच ठेवा, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. "पूल कधी होणार?" असं विचारू नका, त्याला उत्तर येत नाही. कागद मागा: प्रशासकीय मान्यता (कामाला आणि खर्चाला होकार), तांत्रिक मान्यता (आराखडा आणि अंदाजपत्रकाला होकार), कार्यारंभ आदेश (कंत्राटदाराला काम सुरू करायला सांगणारं पत्र) यांच्या प्रती, शेवटच्या संरचनात्मक तपासणीचा अहवाल, दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातल्या दोषांची कंत्राटदारावर जबाबदारी असलेली मुदत, कधी संपतो ते. तो संपला नसेल तर दुरुस्ती कंत्राटदाराच्या खर्चाने व्हायला हवी. उत्तराची मुदत तीस दिवस. कार्यारंभ आदेशाची तारीख सगळ्यात महत्त्वाची, कारण नुसत्या मंजुरीने पूल उभा राहत नाही. मावळात कुंडमळ्याचा लोखंडी पूल 15 जून 2025 ला इंद्रायणीत कोसळला, चार माणसं गेली. तिथेही नव्या पुलाला मंजुरी आधीच मिळालेली होती.

सगळे कागद हातात आले की आमदारांकडे जा, पण वेळ साधून. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, येतात आणि पुढच्या अर्थसंकल्पाची जुळवाजुळवही तेव्हाच चालू असते. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. मार्चअखेरीला मात्र लेखा शाखेची पायरी चढू नका. बिलांच्या ढिगातून कोणी मान वर काढणार नाही, आणि चहाही मिळणार नाही.